तुझ्या टँगोतली बेइमान

प्रिय एवारिस्तो,

प्रिय हा शब्द कागदाच्या रीतीपुरता. मला बेइमान म्हणताना तुझी जीभ कशी झडली नाही? महिना झाला, आमची अख्खी बाराकास वस्ती रेडिओवरचं तुझं नवं गाणं, तुझा टँगो गातेय. कासिल्दा सोडून गेली, विरहाने माझा हात लुळा पडला, गिटार मुकी झाली म्हणे! नळावरच्या बायका मला ऐकवतात, "काय गं कासिल्दा, अशा देवमाणसाला सोडलंस?" खाटीकसुद्धा हाडं तोडताना तेच गुणगुणतो.

विरहाने? डावा हात मी फोडला तुझा, पेटत्या कोळशाच्या इस्त्रीने. बोटं मोडल्याचा आवाज अजून कानात आहे, आणि खोटं कशाला सांगू, गोड लागतो.

त्याआधीचं टँगोत का नाही घातलंस? रविवारी दुपारचा क्लबातला नाच, तू वादकांत बसलेला. समोरच्या भिंतीपासून एका उंच माणसाने डोळ्याला डोळा देऊन मान हलवली. नाचायला बोलावतोय म्हणून मी उठले. मधे पोचल्यावर कळलं, बोलावणं माझ्या मागच्या बाईला होतं. अशी चूक इथे प्रत्येकीची एकदा होते, लोक हसतात, संपतं. तो भला, माझी लाज राखायला माझ्याबरोबर नाचला. त्याचं नावही मला ठाऊक नाही. घरी आलो, मी इस्त्रीत निखारे भरत होते, तू चाकू काढलास. कानापासून ओठापर्यंत गाल चिरलास माझा. "आता बघू कोण मान हलवतो!" रक्त तुझ्या पांढऱ्या शर्टावर उडालं, तर मलाच विचारलंस, "डाग निघेल ना?" तेव्हा मी इस्त्री उचलली. दोनदा.

तेव्हा पोटात तुझी पोर होती. तुला सांगायला थांबले नाही. नेलिदा आता एकोणीस वर्षांची आहे. तिला मी एवढंच सांगितलं होतं, बाप एवारिस्तो, गिटार वाजवायचा, पटलं नाही. गालाचं विचारलं की म्हणायचे, काच लागली. बापाचा चाकू पोरीला काय दाखवायचा? माझंच चुकलं. टँगो ऐकला, रेडिओवर तुझं नाव ऐकलं आणि पोरगी रडायलाच लागली. "आई, तो अजून झुरतोय तुझ्यासाठी. तुला काळीज आहे की नाही?" मग खरं सगळं सांगितलं, तर म्हणते, "एकोणीस वर्षं काच होती, आता चाकू झाला?"

रेडिओ केंद्राच्या दरवानाकडून तिने तुझा पत्ता काढलाय. तिच्याच चिठोऱ्यावरून मी तो उतरवला. बॅग भरून खाटेखाली ठेवलीय, येत्या रविवारी ती तुझ्याकडे राहायला येणार, तुला रांधून घालणार. उद्या तीही कुठल्या नाचात चुकून उठेल. तेव्हा तुझा चाकू कुठे असेल, ते मला पक्कं माहीत आहे.

म्हणून लिहितेय. तिच्या नावाने पत्र पाठव. मान, चाकू, शर्ट, इस्त्री, सगळं लिही. यमक जुळवू नकोस. नाहीतर रविवारी तिच्या मागोमाग मीही तुझ्या दारात उभी असेन. इस्त्री अजून आहे माझ्याकडे आणि तुझा उजवा हात अजून शाबूत आहे. त्यानेच लिही. शनिवारच्या टपालात पत्र हवं.

तुझीच खूण गालावर वागवणारी,
कासिल्दा