उरलेली एकशे चाळीस पानं

कुरूला फार्म,
७ ऑगस्ट १९६८

ती. एडनाताईस नोरीनचा सा. न. वि. वि.

कादंबरीचा पहिला अर्धा भाग कालच्या टपालगाडीने पोचला. पुस्तक मधोमध कापताना या वेळी सुरी चांगली चालवलीस, एकही पान सुटं झालेलं नाही. उरलेला भाग तुझा वाचून झाला की लगेच धाड. नायिका मला मुळीच आवडली नाही. शंभर पानांत चार वेळा घेरी येऊन पडते. इकडे लोकर कातरायच्या दिवसांत येऊन बघावं म्हणावं. खुनी तो गोडबोल्या वकीलच. क्लेमचंही तेच मत, आणि त्याने एक ओळ वाचलेली नाही.

डॉक्टरचं पत्र ती तीन प्रकरणं उशीखाली दडवते, हे तर अतिच. माझ्या डाव्या स्तनात ईस्टरपासून गाठ आहे, आता जर्दाळूच्या बीएवढी झाली. मी केला का गाजावाजा? कातरणारे बारा जण जेवायचे आहेत, म्हणून आवरते. लोभ आहे तसाच ठेव.

तुझी नोरीन

ऍडलेड,
१६ ऑगस्ट

चि. नोरीनला अ. उ. आ.

तुझं पत्र उभ्यानेच वाचलं आणि मग खाली बसले. घेरी येणारी बाई तुला मूर्ख वाटते, मग तू कोण? चार महिने, नोरीन. इथल्या इस्पितळात सहा सप्टेंबरची वेळ घेतली आहे. तू इथे आल्याशिवाय पुढचा भाग मिळणार नाही. खुनी कोण ते मला कळलंय आणि मी सांगणार नाही. हसू नकोस, मी खरंच रागावले आहे. क्लेमला सांगितलंस का? नवरा आहे तो तुझा.

तुझी काळजी करणारी,
एडना

कुरूला फार्म,
२० ऑगस्ट

ती. ताईस सा. न.

ही शुद्ध दादागिरी झाली. लहानपणी माझी बाहुली माळ्यावर टाकायचीस, तशीच. तुझी पानं तुझ्यापाशीच ठेव. शेजारच्या डॉरीनने दुसरी कादंबरी दिली आहे. बोट फुटते, बेटावर एक डॉक्टर आणि एक नर्स उरतात, आणि दोन महिने तिची लिपस्टिक संपत नाही. मला आवडली. क्लेमला सांगितलेलं नाही, कातरणी होईपर्यंत त्याच्या डोक्याला ताप नको. सहा तारखेला जमणार नाही. रागावलीस तरी पत्र बंद करू नकोस.

नोरीन

ऍडलेड,
२३ ऑगस्ट

चि. नोरीनला अ. उ. आ.

सोबत उरलेली एकशे चाळीस पानं. तुझ्या जिवाचा सौदा पानांवर करायला निघाले, माझी मलाच लाज वाटली. कादंबरी पुढे फारच रडकी होते, तरी वाच. यायचं की नाही ते तू ठरव, असं लिहायला बसले होते, पण हात चालत नाही. ये. मला फार भीती वाटते आहे. मला दुसरी बहीण नाही गं.

तुझी ताई

कुरूला फार्म,
२७ ऑगस्ट

ती. ताईस सा. न. वि. वि.

पानं सकाळी मिळाली, टपालगाडी परत फिरायच्या आत हे लिहिते आहे. वाचायला मन लागत नाही. क्लेमला सांगितलं. तो उठून शेडमध्ये गेला, आणि परत येऊन कुठली बॅग काढू म्हणाला.

तुला एक कधी सांगितलं नाही. आई तपासून घ्यायला ऍडलेडला निघाली तेव्हा घरी मी एकटीच होते. गाडीपाशी येऊन ती थांबली. मला नाही जायचं गं, म्हणाली. मी म्हटलं, वेडेपणा करू नकोस, आणि हात धरून तिला वर चढवलं. ती तिकडून आलीच नाही. सतरा वर्षं झाली, मला तो हात अजून आठवतो.

पुढच्या मंगळवारी निघते, बुधवारी तिथे. स्टेशनवर ये. मी खाली उतरले नाही तर डब्यात चढ, आणि मी काहीही म्हटलं तरी हात धरून मला उतरव.

तुझीच,
नोरीन