शेवटच्या कडव्यातलं नाव

परभणी, रविवार

आदरणीय सिद्धोधनमामांना सविनय जयभीम.

गुडघा कसा आहे? मामींच्या तेलाने उतार नसेल तर तेल बदलू नका, डॉक्टरला दाखवा. आम्ही सगळे ठीक आहोत. माझं गाणं ठीक नाही.

भिंतींना गाद्या लावून रेकॉर्ड केलेलं माझं लग्नाचं गाणं मंगळवारी नेटवर टाकलं. चार मिनिटांत अडवलं गेलं : हे दुसऱ्याच्या मालकीचं आहे. दुसरा म्हणजे जिंतूरचा बँडवाला पप्पू. त्याने ते अकरा दिवस आधीच टाकलं होतं. (त्याला ते आपल्या भावकीच्या ग्रुपवरून मिळालं. तिथे कोणी टाकलं हे मला माहीत आहे. गुडघा दुखत असताना तो विषय काढत नाही.)

रजा टाकून जिंतूरला गेले. पप्पूने चहा मागवला. म्हणाला, "ताई, गाणं लय भारी हाय म्हणून घेतलं. भंगार असतं तर हात लावला असता का?" हे कौतुक की कबुली, मी अजून ठरवलेलं नाही.

तुम्ही म्हणाला होता, "शेवटच्या कडव्यात नाव घाल पोरी, मग कोणाची बिशाद न्हाई." म्हणून मी "सुकेशनी म्हणे" घातलं. पण तिथे नवरीचं नाव घालायची पप्पूची रीत आहे. ("तुमचं ठिवलं तर नवरी रुसती की.") त्याच्या रेकॉर्डिंगमध्ये "शिवकन्या म्हणे" आहे. दोन्ही नावांच्या मात्रा सहाच, त्यामुळे कोणाला शंका येत नाही. राणीसावरगावच्या या शिवकन्येच्या सासूला तर सूनच गाणी रचते असं वाटतं. शिवकन्येने मला शोधून फोन केला, "ताई, एक पाळणा लिहून द्या ना. सासूबाई गावभर सांगायल्यात."

मी हरकतीचा अर्ज भरते आहे. वहीच्या पानांचे फोटो, रेकॉर्डिंगच्या तारखा, सगळं जोडलं आहे. शुक्रवारपर्यंत अर्ज गेला नाही तर गाणं पप्पूचं.

मामींना जयभीम.

आपली भाची,
सुकेशनी

ता. क. : अर्जात "चाल कोणाची" असा रकाना आहे. माझं नाव लिहिलं आणि थांबले. दाढी करताना तुम्ही गुणगुणता, त्याचा व्हिडिओ मामींनी दिवाळीत पाठवला होता. तो गाण्याशेजारी लावून ऐकला. धृपद सूर न् सूर तेच आहे. सोबत संमतीपत्र जोडलं आहे. सही करून गुरुवारच्या आत पाठवा. ग्रुपचा विषय मी मागे घेते.

ता. क. २ : "सिद्धोधन म्हणे" मोजून पाहिलं. सहाच मात्रा. नीट बसतं, म्हणून कालच नव्याने रेकॉर्ड केलं. ते सोबत पाठवते आहे. या वेळी ग्रुपवर टाकू नका.