निळ्या चोळीतली मेनेगा

कास्तियोन, ता. ४ फेब्रुवारी १७६४

ती. दादास ओर्सोलाचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

नाताळानंतर तुझं पत्रच नाही. व्हेनिसच्या खाऱ्या वाऱ्यात तू बहिणीला विसरलास असं धरून मीच लिहायला बसले. अक्षराला हसू नकोस. पाद्रीकाकांनी तुला छडी मारून शिकवलं आणि मला चोरून, फरक पडणारच. शेळी व्यायली. तुझा मेहुणा झुआने लाकूडतोडीला वर जंगलात गेलाय. छपरावर अजून हातभर बर्फ आहे.

आता खरं लिहिते. मेनेगाचा खोकला हटत नाही. रुमालावर रक्त येतं. बेल्लुनोचे डॉक्टर मला बाजूला नेऊन म्हणाले की उन्हाळ्यापुढची आशा धरू नका. सोळा वर्षांची आहे रे माझी पोर.

दादा, एकच मागते. ये आणि तिचा चेहरा काढून दे. काउंटसाहेबांच्या दिवाणखान्यात तुझं नदीचं चित्र आहे ना, त्यातली बादल्या घेऊन चाललेली लाल चोळीतली मुलगी मी कितीदा बघितलीय. हाक मारली तर वळून बघेल असं वाटतं. परक्यांच्या मुली इतक्या जिवंत काढतोस, मग भाचीला कितीसा वेळ लागणार? ती गेल्यावर बघायला माझ्याजवळ काहीतरी हवं.

आमच्यावर जीव आहे तसाच असू दे.

तुझी ओर्सोला

व्हेनिस, ता. २३ फेब्रुवारी

चि. सौ. ओर्सोलास जेर्वाझिओचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र वाचून ब्रश खाली ठेवला तो दिवसभर उचलवला नाही. पण डॉक्टरांचं तू फार मनावर घेऊ नकोस. त्यांनी आईला तीन महिने दिले होते आणि ती पुढे नऊ वर्षं आपल्याला शिव्या घालत जगली. मेनेगा तिच्याच वळणावर गेलीय. दोन वर्षांमागे मी आलो होतो तेव्हा माझा केसांचा टोप शेळीला घालून हिनेच गावभर फिरवली ना?

यायचं म्हणशील तर सध्या मान वर करायला फुरसत नाही. एका इंग्रज साहेबाला नदीची चार चित्रं हवी आहेत. शिवाय थंडीत रंग वाळत नाहीत. ईस्टरला नक्की येतो. सोबत छातीचं औषध पाठवलंय, गरम पाण्यातून देणे.

मामाची आठवण तिला सांग.

तुझा दादा

कास्तियोन, ता. २९ एप्रिल

ती. दादास शि. सा. नमस्कार, वि. वि.

ईस्टर होऊन आठवडा झाला. मेनेगाने सणाची निळी चोळी घातली, माझ्याकडून दोन वेण्या घालून घेतल्या आणि तीन दिवस खिडकीशी बसून राहिली. चौथ्या दिवशी म्हणाली की मामाला आजारी माणसं काढायला आवडत नसतील. मी तिच्यावर ओरडले आणि मग गोठ्यात जाऊन रडले.

मक्याच्या पोलेंताचे दोन घास खाते, तेही माझं मन राखायला. गाल बसत चालले आहेत. अजून पंधरा दिवसांनी आलास तर तो चेहरा तिचा उरायचा नाही. इंग्रज साहेबाची नदी पुढच्या वर्षीही वाहणार आहे, दादा. उद्याच्या गाडीने नीघ.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

ओर्सोला

व्हेनिस, ता. २५ मे

चि. सौ. ओर्सोलास अनेक आशीर्वाद, वि. वि.

रागावू नकोस. येणं जमलं नाही, पण काम केलंय. खेचरवाल्याबरोबर चित्र पाठवतोय. आपला घरामागचा उतार, अक्रोडाचं झाड, मागे डोंगर आणि वाटेवर निळ्या चोळीतली मेनेगा. मनातून काढलीय, तिला समोर बसवायची गरजच पडली नाही. मामाच्या डोळ्यांत भाची असते, ती काय कुठे जाते?

कसं वाटलं ते तिलाच लिहायला सांग.

तुझा दादा

कास्तियोन, ता. २० जून

ती. दादास नमस्कार.

मेनेगा अकरा तारखेला गेली. सकाळी पाणी मागितलं, ते प्यायली आणि मान टाकली.

चित्र पाच तारखेला आलं होतं. मी आणि झुआनेने ते तिच्या पायाशी उभं करून धरलं. तिने खूप वेळ बघितलं. मग म्हणाली की अक्रोड अगदी आपलाच आहे, मुलगीही छान आहे, पण आई, ही कोण?

मी ओळखलं होतं. काउंटसाहेबांकडची बादल्यावाली. लाल चोळीच्या जागी निळी, एवढाच फरक. तुला भाचीचा चेहरा आठवला नाही, तर तसं लिहायचं होतंस. मी तिला खोटंच सांगितलं की मामाने तुला बरी झालेली काढलीय. तिने हो म्हणून मान हलवली. माझ्यासाठीच हलवली, मला कळलं.

ओर्सोला

व्हेनिस, ता. २ जुलै

प्रिय ओर्सोला,

आशीर्वाद कुठल्या तोंडाने लिहू?

मला माणसं काढता येत नाहीत. बावीस वर्षांत माझ्या एकाही चित्रातलं एकही माणूस मी काढलेलं नाही. डोंगर, पाणी, झाडं, आभाळ माझं. मग कॅनव्हास शेजारच्या गल्लीतल्या बोर्तोलोकडे जातो आणि तो त्यात माणसं घालतो. इथे पुष्कळांचं असंच चालतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण काउंटसाहेबांकडे तुम्ही सगळे त्या बादल्यावालीचं कौतुक करत होता आणि मी नुसता हसत उभा राहिलो. तेव्हापासून खरं सांगायची सोयच उरली नाही.

मेनेगाचा चेहरा मला आठवतो. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मी अकरा कागदांवर तिला काढून बघितलं. भोपळ्याला डोळे लावल्यासारखं दिसायचं. सगळे चुलीत घातले.

आणि हे वाच, मग मला जे म्हणायचं ते म्हण. बोर्तोलो ईस्टरआधी स्वतःहून म्हणाला होता की मला घेऊन चल, पोरीला समोर बघून एका सकाळीत चेहरा उतरवतो. मीच नको म्हणालो. तो आला असता तर तुम्हाला सगळं कळलं असतं. शेवटी त्याला तोंडी वर्णन केलं. त्याच्या हाताला सवयीची पोरगी होती, ती त्याने काढली. मी बघितलं, ही ती नव्हे हे मला दिसलं, आणि तरी पाठवलं.

आता इंग्रज साहेबाच्या आभाळाला हात लावतो आणि तुझी खिडकी दिसते. काम बंद आहे. पुन्हा सुरू होईल असं वाटत नाही.

जेर्वाझिओ

कास्तियोन, ता. १५ ऑगस्ट

दादा,

तुझं पत्र झुआनेला वाचून दाखवलं. तो उठून गवत कापायला गेला. माझ्याही अंगात भांडायचं बळ नाही.

मेनेगाला आठवावं म्हणून डोळे मिटते, तर आताशा ती दुसरीच येते. चोळी मेनेगाची आणि तोंड त्या बोर्तोलोच्या पोरीचं. काल झुआनेला विचारलं की आपल्या मेनेगाचं नाक कसं होतं रे. तो सांगायला लागला आणि मध्येच थांबला. दोनच महिने झालेत.

ते अकरा कागद का जाळलेस? भोपळे असतील, वाकडे असतील, पण तू तिला बघितलं होतंस. कुठे एखादी भुवई, हनुवटीची एखादी रेघ तिची उतरली असती. बाकीचं मी आई होते, मी लावून घेतलं असतं. तुला लाज वाटावी असंच चित्र मला पुरलं असतं रे.

लोभ ठेव असं लिहायला गेले, पण हात पुढे जात नाही.

ओर्सोला