ड्रॉप बॉल आणि तुझा खालचा ओठ

आई,

बाबांनी आज पुन्हा ती गोष्ट सांगितली, या वेळी माझ्या सासूबाईंना. आमची पोर चेंडू हवेत असतानाच ओळखायची, पडायच्या आत गाठायची, आणि हे सगळं तिच्या आईनं शिकवलं. मी चहा गाळत होते. गाळणं तसंच ठेवलं आणि बाल्कनीत जाऊन उभी राहिले. ती गोष्ट खोटी आहे आणि ते फक्त मला माहीत आहे.

आखातातलं माझं दहावीचं वर्ष होतं. बाबा हमरिया फ्री झोनमधल्या कामावरून यायचे ते वैतागूनच, आणि त्या दिवशी ताटावर बसता बसता त्यांनी निकाल दिला: बोर्डाचं वर्ष आहे, सॉफ्टबॉल खलास. तू पोळी वाढत होतीस. शांतपणे म्हणालीस, सिलेक्शनच्या मॅचमध्ये समोर चेंडू टाकायला ती उंच पिचर असणार. तिचा ड्रॉप हिनं मारला तर ही खेळेल, नाही मारला तर बॅट मी स्वतः वॉचमनला देऊन टाकेन. बाबा लगेच कबूल झाले, कारण त्या पोरीचा ड्रॉप कुणालाच लागत नव्हता. सरळ छातीच्या उंचीनं यायचा आणि बॅट फिरली की गुडघ्याखाली बसायचा. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. आणि त्याच जेवणात मला पहिल्यांदा कळलं, की तू अमरावतीला कॉलेजच्या टीमची पिचर होतीस, लग्न ठरल्यावर ग्लोव्ह मैत्रिणीला देऊन इकडे आलीस. मी म्हटलं, "यू प्लेड?" तू आमटी वाढून आत गेलीस.

शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, आपण बिल्डिंगमागच्या वाळूत उतरतो. अल नहदामध्ये तेव्हा दोन टॉवरच्या मध्ये नुसती वाळूच होती. तू ओढणी कमरेला बांधतेस, पावलं मोजतेस, मी उभं राहायच्या जागी पुठ्ठ्याचा तुकडा प्लेट म्हणून टाकतेस. तुझा हात खालून असा काही फिरतो, की ही माझी आई आहे यावर माझा विश्वास बसत नाही. तू सांगतेस, बाहेर वळणारा कर्व्ह ओढायला जाऊ नको, येऊ दे आणि पलीकडच्या बाजूला ढकल. छातीवर चढणारा राइज सोडून दे, त्याचा मोह धरू नको. पण ड्रॉपची वाट बघायची नाही. त्याला एक पाऊल पुढे जाऊनच गाठायचं. माझी बॅट दर वेळी वरून जायची. "चेंडूची शिवण बघ, कशी फिरतेय ती बघ," तू ओरडायचीस. मला शिवण कधी दिसलीच नाही. पाचव्या शुक्रवारी तू जवळ आलीस आणि माझा दंड धरून म्हणालीस, "पडल्यावर वाकून काय मिळणार आहे तुला? पडायच्या आधी पुढे ये." रडू मला यायला हवं होतं, आलं तुला.

सहाव्या शुक्रवारी मी चेंडू सोडून तुझ्याकडे बघितलं. ड्रॉप टाकायच्या आधी तू खालचा ओठ दाताखाली धरायचीस. सुईत दोरा ओवताना धरायचीस, वसुलीवाल्याला बाबा घरी नाहीत असं सांगतानाही धरायचीस, अगदी तस्सा. ओठ आत गेला की मी पाऊल पुढे टाकायचं, एवढंच. त्या दिवशी मी नऊच्या नऊ ड्रॉप मारले. तू वाळूतून धावत आलीस आणि मला मिठी मारलीस. दिसली ना शिवण, म्हणालीस. मी मान डोलावली.

मॅचला मात्र समोर ती उंच पोरगी होती, च्युइंगम चघळत. तिचा चेहरा म्हणजे भिंत. पहिल्यांदा आउट. दुसऱ्यांदा आउट. बाबा घड्याळ बघत होते. शेवटच्या डावात दोन स्ट्राइक झाल्या, तिसरीला मी बाद, आणि माझे तळवे इतके घामेजले, की बॅट हातात फिरायला लागली. मी डावखुरी, त्यामुळे उभी राहिले की जाळीमागे बसलेली तू बरोबर समोर. पिचर चेंडू मांडीआड धरून, कोणता टाकायचा त्याप्रमाणे बोटं लावायची आणि मगच ग्लोव्हमध्ये घालायची. मला तिची बोटं दिसत नव्हती, तुला तुझ्या बाजूनं दिसत होती. मी तिच्याकडे बघायचं सोडून तुझ्याकडे बघितलं. तुझा ओठ दाताखाली गेला. मी पाऊल पुढे टाकलं आणि बॅट फिरवली. चेंडू सेकंड बेसवरून पार गेला.

गाडीत तू एकच वाक्य बोललीस, "बघितलंत? हिनं चेंडू वाचला." बाबा हसले. मी पुढे दोन वर्षं खेळले. तू आलीस त्या मॅचमध्ये ड्रॉप लागायचा, तू नसलीस की नाही. उन्हानं झालं, परीक्षेचं टेन्शन होतं, काहीबाही सांगायचे. तुला सांगणार होते गं. पण तू माझ्यापेक्षा जास्त खूश होतीस, माझी जीभच रेटली नाही.

मग मी पुण्याला कॉलेजला निघाले. सकाळी तू रोल्लाच्या क्लिनिकमध्ये जाऊन आली होतीस आणि माझे कपडे घड्या करून बॅगेत भरत होतीस. रिपोर्टचं काय झालं, मी विचारलं. "काही नाही गं. अशक्तपणा आहे, गोळ्या दिल्यात," तू म्हणालीस, आणि खालचा ओठ दाताखाली धरलास. मी बॅगेच्या पलीकडे उभी होते, हातभर अंतरावर. "ओके, टेक केअर," म्हटलं आणि चेन ओढली. पहिल्या सेमिस्टरची परीक्षा व्हायच्या आत तू गेलीस. बाबा अजून म्हणतात, तिनं कुणाला कळूच दिलं नाही.

हे पत्र मी बाबांच्या हाती लागू देणार नाही. त्यांना ती गोष्ट सांगू दे. पण तुला सांगते, आई. मला कळलं होतं. मी पुढे आले नाही.