चौदा नंबरचं शेवटचं रक्त

३ नोव्हेंबर
“कधी काम लागलं तर मला फोन कर, लाजू नको,” धाराशिवच्या वसतिगृहात मला जपणाऱ्या, वरच्या वर्गातल्या महानंदाताई म्हणाल्या होत्या. बावीस वर्षांनी केला. आज त्या स्वतः जळकोटच्या फाट्यावर गाडी घेऊन उभ्या! पिशवीही मला उचलू दिली नाही. लई वाळलीस गं नंदे, म्हणाल्या. राजनंदिनीचं नंदे करणारं आता दुसरं कुणी उरलेलं नाही; धाकटी बहीण आरोही अक्काच म्हणते.
प्रयोगशाळा हायवेपासून आत, तुरीच्या रानात. मागं सशांची शेड, वर माझी खोली. कामावर घेण्याआधीची तपासणी म्हणून ताईंनी रक्त काढलं. सुई कळलीसुद्धा नाही.

५ नोव्हेंबर
काम मला सुंदर वाटतं. सशाला एखादं प्रथिन टोचायचं. त्याचं शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. एकाच तऱ्हेची नव्हे, नाना तऱ्हेची. मग त्याच्या रक्तातलं द्रव संशोधकांना द्यायचं. हजार प्रथिनांच्या गर्दीतून ते नेमकं आपलंच हुडकून काढतं. टोचण्याआधीचं रक्त तुलनेसाठी जपायचं, दर तीन आठवड्यांनी पुन्हा टोचायचं. ससा उत्तम निघाला की सगळं रक्त काढून घेतात. त्याला इथं ‘शेवटचं रक्त’ म्हणतात. त्यानंतर ससा राहत नाही.
सशांत वावरणाऱ्यांना लस लागते म्हणून ताईंनी मलाही टोचलं.

२६ नोव्हेंबर
लसीचा दुसरा डोस. दंडावर बोराएवढी गाठ, अंगात ताप. ताईंनी ज्वारीच्या कण्या करून भरवल्या. इतकी माया किती दिवसांनी!
ससे सांभाळणारे सिदूमामा विचारत होते, बाई, तुमाला कसली लस? धा वर्सं झाली, आमाला कुणी टोचलं न्हाय. मी हसण्यावारी नेलं.

१७ डिसेंबर
तिसरा डोस. दुसऱ्या दंडावरही गाठ.

२७ डिसेंबर
ताप हटत नाही. का ते बघू म्हणून ताईंनी रक्त नेलं. नळी जरा मोठी होती.

३० डिसेंबर
आज सशांच्या रक्ताचे चौदा नमुने तपासले. तेरा पट्ट्यांवरच्या रेघा पुसट. चौदा नंबरची एकच रेघ, स्वच्छ, ठसठशीत! असं द्रव मी आजवर पाहिलं नव्हतं. पट्टीवर प्रतिपिंडं उजळवणाऱ्या द्रावणाची नेहमीची बाटली चौदाला चालायची नाही म्हणून ताईंनी वेगळी दिली होती, लेबलावर चिकटपट्टी लावलेली. त्यांनी दिली म्हणजे बरोबरच, म्हणून विचारलं नाही.
अहवालात लिहिलं : चौदा नंबर सर्वोत्तम, शेवटचं रक्त घ्यावं. खाली झोकात सही केली.

२ जानेवारी
एवढा गुणी ससा बघावा म्हणून शेडमध्ये गेले. सिदूमामा म्हणाले, चौदावा कुठला बाई, ससे तेराच हाईत की.
वर येऊन बाटलीची चिकटपट्टी सोलली. खाली छापलं होतं — मानवी प्रतिपिंडांसाठी.
मग चौदा नंबरच्या नोंदींचं कार्ड काढलं. आधीचं रक्त, ३ नोव्हेंबर. टोचणी, ५ नोव्हेंबर, २६ नोव्हेंबर, १७ डिसें—
तारखा माझ्या आहेत.

३ जानेवारी
ताईंना विचारलं. नाकारलं असतं तरी चाललं असतं. नाकारलं नाही. माझ्या कपाळावरचा घाम पुसला. म्हणाल्या, वेडे, सशांत जमंना म्हणून तर तुला आणलं. अन् अहवालावर सही तुझीच हाय की.
फोन त्यांच्याकडे. दाराला बाहेरून कडी. सिदूमामांना सुट्टी दिली म्हणे.
वसतिगृहात मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले होते. आज त्याच मांडीवर माझं कार्ड होतं. त्या नोंद करत होत्या.

४ जानेवारी
उद्या. शेवटच्या रक्ताची तारीख कार्डावर लिहून झाली आहे.
एका शरीरातलं द्रव संपलं की संपलं, दुसरं तसंच देईल याची खात्री नसते, असं ताई दाराआडून समजावत होत्या. रक्ताच्या नात्यात कदाचित जमंल, म्हणाल्या. मग सहज विचारल्यासारखं — धाकटी आरोही अजून अणदूरलाच असते न्हवं?

५ जानेवारी
पायऱ्यांवर त्यांचा आवाज. फोनवर हसून बोलतायत. आरोही, इथं काम हाय, लाजू नको, म्हणतायत —
ताई, माझं सगळं घ्या. हात मी स्वतः पुढं करते. तुम्ही ऐकणार नाही, ठाऊक आहे, तरी मागते — तिला बोलावू नका, तिला फक्त सांगा की नंदी इथं नाही, तिची जागाही भरली, येऊ न—