फरशीवरचं हिरवं

रविवार, १० ऑगस्ट

श्रीगोंद्याहून निघालेला टेम्पो दुपारी बेलापुरात दाराशी लागला आणि मी एकदाचा माझ्या नव्या खोलीत आलो. शाळा चालत दहा मिनिटांवर. उद्यापासून आठवी-नववीला शास्त्र. घरमालक पुण्यात असतात. समोरच्या दोन खोल्यांत साळूबाई आणि त्यांची मुलगी पंकजा. साळूबाई साठीच्या, गुडघ्यांनी बेजार, पण बोलायला खणखणीत. पंकजा श्रीरामपूरला कापडाच्या दुकानात कामाला जाते. दोन्ही बिऱ्हाडांच्या मध्ये शहाबादी फरशीचं सामाईक अंगण, वर कडुनिंबाची दाट सावली. ऊन खाली पोचतच नाही, त्यामुळे सगळी फरशी शेवाळानं हिरवीगार.

चहा देता देता साळूबाई म्हणाल्या, "सर, तुमी शास्त्र शिकवता न्हवं? मग या शेवाळाचं काय तरी करा. एखाद्या दिवशी कंबरडं मोडंल माजं." मी हसून सांगितलं, आठ दिवसांत फरशी आरशासारखी करून देतो. फार बरं वाटलं. येताच कुणाच्या तरी उपयोगी पडणार.

बुधवार, १३ ऑगस्ट

खराट्यानं घासून पाहिलं. वरवरचं निघतं, सांध्यांतलं तसंच राहतं. तारेच्या ब्रशनं दगडावर ओरखडे उठले. आता ब्लीचिंग पावडर आणि साबणाचा चुरा पाण्यात कालवून पसरायचं, अर्धा तास मुरू द्यायचं, मग घासून भरपूर पाण्यानं धुवायचं. त्या अर्ध्या तासात तिथं कुणी पाय ठेवता कामा नये. शेवाळ सुटतं आणि फरशी लोण्यासारखी होते. रविवारी करीन.

साळूबाईंनी आज बाजरीची भाकरी आणि ठेचा पाठवला. त्यांना हात द्यायला मी जवळ असलो म्हणजे बरं, असं म्हणाल्या. धुण्याची बादली उचलायची असली की हाक मारतात.

रविवार, १७ ऑगस्ट

साळूबाई गेल्या. अंगणात घसरल्या, डोकं फरशीच्या कडेवर आपटलं. पंकजा कामावर होती. शेजाऱ्यांना मीच बोलावलं. आज यापुढं लिहवत नाही.

बुधवार, २० ऑगस्ट

सगळे म्हणतात, शेवाळानं घात केला. पंकजा ओट्यावर बसून होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "आई चार दिवस म्हनत हुती, सुट्टीच्या दिवशी घासून दे. मीच टाळलं, सर. मीच मारलं तिला."

मी म्हणालो, असं मनाला लावून घेऊ नका. एवढंच म्हणालो.

रविवार, २४ ऑगस्ट

अंगण पांढरं पडलंय. पावडरीनं काम चोख केलं. फक्त त्या पडल्या तिथलं हिरवं गेलेलं नाही. दुपारी दोन तास घासलं. घासताना निघतं, वाळलं की परत दिसतं. एका कुशीवर पडलेल्या माणसाएवढं. डोकं कुठं, गुडघे कुठं, सगळं कळतं.

पंकजाला ते दिसू नये म्हणून वर पोतं टाकलं.

गुरुवार, २८ ऑगस्ट

गल्लीत गणपती बसलेत, आरतीचा आवाज येतोय. मला खोटं लिहिणं जमेना झालंय, म्हणून लिहितो.

त्या रविवारी पावडर आणि साबण मी पसरला होता. साळूबाई आत झोपल्या होत्या. उठवून सांगायचं राहून गेलं. मी खोलीत येऊन मोबाईलवर मॅच लावली. थोड्या वेळानं धप्प आवाज आला. मग हाक. "सर, हात द्या वो."

मला वाटलं, बादली असेल.

तीन वेळा हाक आली. षटक संपलं की जाऊ, असं मी मनाशी म्हणालो. मग हाक थांबली, तेव्हा बरं वाटलं.

सोमवार, १ सप्टेंबर

एक गोष्ट राहिली. बाहेर जाऊन पाहिलं तेव्हा त्यांचे डोळे उघडे होते. मी आधी शेजाऱ्यांना बोलावलं नाही. आधी फेस धुतला. सहा बादल्या. त्यांच्या अंगाखालून पाणी काढलं. पापणी हलली असं वाटलं होतं. वाटलं होतं, आणि मी सातवी बादली भरायला गेलो.

आज पोतं उचललं. एक हात लांबलाय. माझ्या दाराच्या दिशेनं.

गुरुवार, ४ सप्टेंबर

चार दिवस पाऊस नाही. बाकी फरशी कोरडी ठणठणीत. तो हात मात्र ओला. बोटं वेगळी झालीत— पाच— नखांच्या जागी जरा गडद.

शाळेत फळ्यावर लिहिताना मुलं हसली. हाताला हिरवं लागलंय म्हणाली. साबणानं जात नाही.

पंकजाला सांगायला गेलो. तिनं भाकरीचं ताट पुढं केलं. आईनं सांगून ठेवलं होतं म्हणे, सरांना उपाशी ठेवू नको. मी जेवलो. सांगितलं नाही.

शनिवार, ६ सप्टेंबर

उंबरठ्याच्या आत. पलंगाच्या पायापर्यंत. घासत नाही आता. घासलं की वाढतं.

उद्या सांगतो. नक्की—

रविवार, ७ सप्टेंबर

दुपार. टेबलाशी बसलोय. पंकजाला चिठ्ठी लिहायची होती, तोंडानं जमणार नाही म्हणून. पायांकडं आत्ता लक्ष गेलं. घोट्यांपर्यंत हिरवं. गार. ओढतो तर जमिनीपासून सुटत नाहीत—

खिडकीतून पंकजा दिसतेय. आज ती कामावर गेलेली नाही. साडी खोचून, हातात बादली नि ब्रश. पोतं बाजूला केलं तिनं. बघतेय. ओळखलं बहुतेक. रडतेय. म्हणते, "आई, आज घासते गं."

फरशी परत हिरवी होऊन चकाकायला लागलीय. तिच्याभोवती सगळी. तिला दिसत नाहीये. पांढरी होती सगळी, पांढरी—

हाक मारतो. तोंड उघडतं, आत ओलं, मऊ— आवाज नाही. फक्त हात चालतोय. पंकजाताई, थांबा. मागं सरू नका. पंकजाताई, साबण मी टाकला होता, तुमचा काही दोष नाही, मागं पाऊल टाकू नका, तिथं