आण्णांच्या नावाचे थेंब

कोइमतूर

प्रिय अक्षाताई,

परवा तू फोनवर विचारलंस, ज्ञानू, आईनं साईराजच्या घरी लग्नाला नकार का कळवला, तुला काय ठाऊक हाय का. मी म्हणलो, भट्टीवर हाय, नंतर करतो. भट्टी पेटलीच नव्हती. समोरून आवाज आला की मी चेष्टेत शिरतो, म्हणून लिहितोय. आठवीतनं शाळा सुटल्यापासून एवढं सलग लिहिलेलं नाही, चुका पोटात घाल.

इथं बरं हाय. जालिंदरशेठ आपल्या विट्याकडचेच, गलाईच्या दुकानात माळ्यावर झोपायला जागा देतात. विजयवाडा सोडलं, त्याआधीचं गावही सोडलं, इथंही मन लागत न्हाई, पण या खेपेला पळणार न्हाई. जुने दागिने वितळवून सोनं साफ करायचं, तेजाबानं नखं पिवळी पडतात, हे तू बघितलंयस. त्या दिवशी पबमधी मी हात टेबलाखाली धरून बसलो होतो तो त्यासाठीच.

सुट्टीला घरी निघालो तवा तूच पुण्यात उतर म्हणालीस. साईराजला बघ, आण्णा नाहीत, आईला तुझाच शब्द लागेल. मला वाटलं कुठंतरी चहा पाजशील, तर तू तुझ्या हाफिसाखालच्या पबमधी नेलंस, साईराज तिथं आधीच येऊन बसला होता. तशी साधीच जागा. गळ्यात कार्डं अडकवलेली पोरं-पोरी, खुर्च्यांखाली डब्याच्या पिशव्या, भिंतीवर मॅच, बशीत मसाला शेंगदाणे. कुणी साहेबाची नक्कल करत होतं. पोरी बिअर पीत होत्या आणि कुणी वळून बघत नव्हतं, मीच तेवढा बघत होतो. तुझ्या हाफिसातली राजनंदिनी मला म्हणाली, तुम्ही काय करता. तू सरळ सांगितलंस, गलाईच्या दुकानात कामाला हाय. मी मधीच म्हणलो, दुकान माझंच हाय, सोन्याचं.

मग गिलास आले. पुढ्यात गिलास आला की माझं बोट आपोआप आत जातं, आण्णांचं जायचं तसं. पहिल्या घोटाआधी गेलेल्यांच्या नावानं भुईवर शिंपडायचं. पण तिथं भुई कुठली, राजनंदिनीच्या पांढऱ्या बुटावर थेंब उडाले. ती म्हणाली, अहो, काय उडवताय. मी म्हणलो, माशी पडली होती. तेवढ्यात तू म्हणालीस, माशी नाही, आमच्या आण्णांच्या नावाचं हाय ते. आणि स्वतःच्या लिंबूसोड्यात बोट बुडवून तूबी शिंपडलंस, सगळ्यांसमोर, मला एकटं पाडायचं नाही म्हणून.

आणि मी काय केलं, तर हसलो. म्हणलो, आमची ताई अजून आटपाडीतच हाय, हिचा पाय शेणातनं निघंना. आधी मी हसलो, मग टेबल हसलं. साईराज न्हाई हसला. त्यानं बूट पुसायला कागद पुढं सरकवला आणि तुला हळू विचारलं, आण्णांना कुठली आवडायची. तू माझ्याकडं बघत होतीस. ती नजर अजून माझ्यावरनं हलली न्हाई.

सकाळी एस.टी. शिरवळला थांबली तवा वाटलं, उतरावं आणि माघारी तुझ्याकडं यावं. उंब्रजलाबी तेच वाटलं. मी खिडकीला डोकं टेकून झोपेचं सोंग घेतलं.

घरी आई भाकरी थापत होती. पोरगा कसा हाय, म्हणाली. ताई, मी सांगितलं की तो आण्णांच्या नावाला हसला, भर माणसांत तुझी चेष्टा केली, असल्या घरी पोरगी देऊ नको. माझं हसू मी त्याच्या तोंडाला लावलं. आईनं उलटून एक शब्द विचारला न्हाई, सांगणारा मी होतो ना. आज तिला फोन करून खरं सांगितलं. ती म्हणाली, त्यांच्या घरी मी जाते, हात जोडते. पण तू आधी अक्षीला सांग. तिचा फोन येईस्तोवर मला फोन करू नको. तर सांगितलं. आता तू तिला फोन कर.

अजून म्हणू देशील तर तुझाच,
ज्ञानू